पाचर

मराठीत पाचर हा शब्द सहसा वाईट अर्थानेच येतो. कोणी कुणाच्या कामात पाचर मारतो म्हणजे ते काम अडवतो. आणि पंचतंत्रातल्या माकडाने अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपसली तेव्हा त्याचे काय झाले, ते आपण सर्वांनी लहानपणीच ऐकलेले असते. आम्ही दोघी बहिणी मराठीच्या प्राध्यापिका. शब्दांचे अर्थ सांगणे हा आमचा पोटापाण्याचा व्यवसाय. तरीही या शब्दाचा एक सरळ, उपकारक अर्थ आम्हांला वयाची चाळिशी ओलांडल्यावर, २०२२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका ट्रकच्या गॅरेजमध्ये कळला. आमच्या थोरल्या भावाच्या ट्रकची पुढची बाजू तेथे आठ दिवस खोलून ठेवलेली होती. त्या आठ दिवसांविषयी हे लिहीत आहोत. दोघींनी मिळून लिहीत आहोत, कारण ज्या देण्याविषयी लिहायचे आहे तेही दोघींचे आहे.

वडील दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. १९९० साली ते गेले तेव्हा दादा अठरा वर्षांचा होता आणि आम्ही दोघी शाळेत होतो. दादाने कॉलेज सोडले. वडिलांच्याच मालकाकडे तो आधी क्लीनर व पुढे ड्रायव्हर म्हणून राहिला, आणि २००३ साली कर्ज काढून त्याने स्वतःची सहाचाकी घेतली. कोल्हापूरहून साखर किंवा गूळ भरायचा, आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या बाजूला गाडी रिकामी करायची, येताना जांभ्या दगडाचे चिरे भरून घाट चढायचा, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. त्या फेऱ्यांवर आमचे एम. ए. झाले, सेट-नेटच्या परीक्षा झाल्या, दोघींची लग्ने झाली. पुढे आम्ही श्रमिकांचे साहित्य शिकवू लागलो, चर्चासत्रांतून त्यावर निबंध वाचू लागलो. दादाच्या ट्रकच्या केबिनमध्ये मात्र मोठेपणी आम्ही कधी चढलो नव्हतो.

२०२२ च्या पावसाळ्यात दादाचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. भांग पाडण्यासाठी तो हाताऐवजी डोकेच खाली नेऊ लागला. डॉक्टरांनी खांद्यातले स्नायुबंध झिजल्याचे सांगितले आणि जड स्टेअरिंग ओढणे बंद करा, असे बजावले. त्या सुमारास सातव्या वेतन आयोगाच्या फरकाची काही रक्कम आमच्या हाताशी होती. आम्ही आपसांत ठरवून टाकले, की ट्रक विकायचा, दादाने घरी बसायचे आणि त्याला दरमहा काही रक्कम आम्ही द्यायची. हे ठरवताना त्याला विचारावे, असे दोघींपैकी एकीलाही सुचले नाही. ठरल्यावर सांगायला गेलो.

दादाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "गाडी कशाला इकताय? गाडीचं पुढलं बदला. खांदा बदलता येत न्हाई, स्टेअरिंग येतंय."

नवी गाडी घेण्याचा प्रश्न नव्हता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष लागू झाल्यावर ट्रकच्या किमती आणखी चढल्या होत्या, आणि पन्नाशीत पुन्हा मोठे कर्ज काढायला दादा तयार नव्हता. जुन्या गाडीचे इंजिन, चेसिस, पाठीमागचा भाग त्याच्या मते अजून दमदार होता. राहता राहिला पुढचा भाग. हातशक्तीवर चालणारे स्टेअरिंग काढून पॉवर स्टेअरिंग बसवायचे, आणि त्याबरोबर पुढचे पाटेही बदलायचे, असे ठरले. पैसे आम्ही देणार, हे आम्हीच जाहीर केले. आणि ते देताना मनाला जरा बरे वाटले, हेही कबूल केले पाहिजे.

गॅरेजचे मिस्त्री साठीचे होते. आम्हांला पाहून त्यांनी पोराला दोन खुर्च्या आणायला सांगितले. दादाने "बहिणी हायत, प्राध्यापक हायत," अशी ओळख करून दिली तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मॅडम, आदी केबिनमदी बसून स्टेअरिंग फिरवून बगा. काय बदलायचं ते मग सांगतो."

गाडी रिकामी होती, जागच्या जागी उभी होती. आमच्यापैकी एकीने चक्र धरले, ओढले. ते हलले नाही. मग दोघी एका सीटवर दाटीने बसलो आणि चार हातांनी ओढले. चक्र वीतभर फिरले आणि हात सोडताच थोडे मागे आले. खाली उभे असलेले मिस्त्री हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "अंगठा आत घालू नका ताई. बाहेर ठेवा. चाक खड्ड्यात आपटलं की चक्र उलटं फिरतंय. अंगठा तुटतो."

आम्ही दादाकडे पाहिले. त्याचा उजवा अंगठा पेरापासून वाकडा आहे. तो लहानपणापासूनच तसा असावा, अशी आमची समजूत होती. तो कधी वाकडा झाला, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. "साखरप्याच्या पुढं," दादा म्हणाला. "२००५ ला." पुढे काही बोलला नाही.

स्टेअरिंग जड म्हणजे नेमके काय, हे मिस्त्र्यांनी आम्हांला खडूने जमिनीवर आकृती काढून समजावले. दोन आसांच्या अशा ट्रकला कायद्याने एकूण १६.२ टन वजनाची मर्यादा होती. त्यातले ६ टन पुढच्या आसावर आणि १०.२ टन मागच्या. २०१८ साली केंद्र सरकारने ही मर्यादा वाढवली, पण दादाच्या गाडीने आयुष्याची पंधरा वर्षे जुन्या हिशेबात काढली होती. पुढच्या आसावरचे हे टनावारी वजन दोन टायरांवर उभे असते, आणि गाडी थांबलेली असताना चाक वळवायचे म्हणजे तेवढ्या ओझ्याखाली दाबलेले रबर डांबरावर पिळायचे. चक्राचा दांडा स्टेअरिंग बॉक्समध्ये जातो. तेथे पेच असलेली दांडी, त्यावर चढणारा-उतरणारा नट आणि दोहोंमध्ये फिरणाऱ्या पोलादी गोळ्या असतात. बॉक्समधून ड्रॉप आर्म बाहेर येतो, तो ड्रॅगलिंकला ढकलतो, ड्रॅगलिंक एका चाकाला वळवते आणि टायरॉड ते वळण दुसऱ्या चाकाला पोचवतो. माणसाचे बळ पुरावे म्हणून बॉक्समधले प्रमाण असे ठेवतात, की चाक थोडे वळायला चक्र पुष्कळ फिरवावे लागते. म्हणजे बळ वाचते ते फेऱ्या वाढवून. घाटाच्या एका नागमोडी वळणावर दादा किती वेळा चक्र ओढत असेल आणि चिऱ्यांच्या खाणीत गाडी मागे घेताना किती वेळा, याचा हिशेब आम्ही मनात करू लागलो आणि मध्येच सोडून दिला.

पॉवर स्टेअरिंगमध्ये इंजिनावर चालणारा पंप तेल दाबाने बॉक्सकडे पाठवतो. चक्र जरासे फिरले, की बॉक्समधला व्हॉल्व्ह त्या बाजूला तेल सोडतो आणि शंभर बारच्या पुढे जाणारा तो दाब खांद्याचे काम करतो. तत्त्व साधे आहे. आणि नवे तर मुळीच नाही. फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकन अभियंता पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रक विभागाचा मुख्य अभियंता होता. जड गाडी वळवणाऱ्यांचे हाल त्याने तेथे जवळून पाहिले. नोकरी सोडून तो या यंत्रामागे लागला आणि १९२६ साली त्याने ते एका मोटारीवर चालवून दाखवले. सर्वसामान्य विक्रीच्या मोटारीत ते यायला मात्र १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लरने ते आपल्या इंपीरियल गाडीत दिले. ज्याची कल्पना ट्रकवाल्याच्या श्रमातून सुचली, ते आधी ऐषारामी मोटारीला मिळाले. आमच्या दादाच्या २००३ च्या ट्रकला ते नव्हते. डेव्हिसच्या प्रयोगाला तोवर ७७ वर्षे झाली होती.

आमची अपेक्षा होती, की मिस्त्री आता जुना बॉक्स काढतील आणि नवा बसवतील. त्यांनी ते साफ नाकारले. "आदी पुढलं नीट करायचं. मग पॉवर."

त्यांनी जॅक लावून चाके उचलली, टायरखाली पहार घालून वर रेटली. डाव्या बाजूचे चाक कुरकुरत वरखाली हलले. आसाच्या टोकाला चाकाची जोडणी ज्या उभ्या खिळीवर फिरते, तिला किंगपिन म्हणतात; डाव्या किंगपिनचे बुश झिजून सैल झाले होते. उजवीकडची खीळ उलट जाम होती. ग्रीस आत पोचतच नव्हते. म्हणजे दादा इतकी वर्षे गाडीच्या वजनाशी झटत होता, आणि गेली काही वर्षे या सुकलेल्या खिळीशीही. मिस्त्री म्हणाले, "ताई, पॉवर लावली की सगळं हलकं लागंल. मग खीळ जाम हाय का सैल, हे हाताला कळायचंच बंद हुतंय. पॉवर दोष झाकती. झाकलेला दोष घाटात उघडा पडतो."

हे वाक्य त्यांनी ट्रकविषयी म्हटले होते. आम्हांला ते लागले. दादाशी आमचे जे काही कुरकुरत होते, त्यावर आम्हीही पैशाचा दाब आणून बसवायला निघालो होतो. सणावाराला तो आमच्या घरी येई, दारातच चप्पल काढून कडेच्या खुर्चीवर बसे आणि चहा घेऊन अर्ध्या तासात उठे. आमच्या घरात तो अवघडतो, हे दिसत होते. का अवघडतो, याचा शोध घेण्याऐवजी आम्ही त्याला अधिक महागडा शर्ट आणत असू.

पुढचे दोन दिवस आस शिवाजी उद्यमनगरात होता. तेथे नवे बुश दाबून बसवले आणि खीळ हाताने फिरेल पण डगमगणार नाही, इतके अचूक रीमर फिरवून घेतले. मधल्या वेळात कागदपत्रांचे काम निघाले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले होते. दादा म्हणूनच दोनदा आरटीओत जाऊन विचारून आला होता, आणि मिस्त्र्यांनीही त्याच मॉडेलला कारखान्यातून मिळणाऱ्या पॉवर स्टेअरिंगचाच संच घ्यायचा हट्ट धरला होता. ते मॉडेल मुळात दोन्ही प्रकारांत मिळत असे, हे दाखवायला २००३ ची कागदपत्रे हवी होती. दादाने घरून एक जुनी फाईल आणली आणि आमच्या हातात दिली. "वाचा. तुमचं काम हाय ते."

फाईलमध्ये वितरकाचे दरपत्रक होते. गाडीची किंमत, कर, विमा आणि खाली एक स्वतंत्र ओळ: पॉवर स्टेअरिंग, जादा. त्या ओळीवर निळ्या शाईने आडवी रेघ मारलेली होती. दरपत्रकाची तारीख जून २००३ ची होती. त्या जूनमध्ये आमच्यापैकी धाकटी एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला गेली होती आणि थोरली नेटच्या तयारीसाठी पुण्यात खोली घेऊन राहिली होती. खोलीची अनामत, दोन महिन्यांचे भाडे, वसतिगृहाची फी आणि पुस्तके, सगळे त्याच महिन्यात दादाकडून आले होते. आम्ही तेव्हा त्याला पावत्या पाठवल्या होत्या. त्यातली एक याच फाईलमध्ये, दरपत्रकाच्या पाठीमागे टाचलेली होती.

आम्ही विचारले, "दादा, ही रेघ तू मारलीस?"

"मग कोण मारणार?"

"तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?" तो खरोखरच गोंधळला. "तवा खांदा हुता की."

या उत्तरात तक्रार नव्हती, त्यागाचा आवही नव्हता. त्याने साधा हिशेब केला होता: एक वस्तू विकत घ्यावी लागत होती, दुसरी अंगावर फुकट होती. आमच्या सगळ्या निबंधांत श्रम ही मोठी, गंभीर संकल्पना होती. दरपत्रकातली एक खोडलेली ओळ म्हणून ती आम्ही कधी पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी पाटे आले. जुन्या गाडीला पुढे प्रत्येक बाजूस नऊ पाट्यांचा जुडगा होता. असे पाटे एकमेकांवर पूर्ण लांबीने घासतात. त्या घर्षणाने उसळी मरते, पण लहान खड्ड्याचा दणकाही तसाच चेसिसवर आणि पुढे माणसाच्या मणक्यावर जातो. नवे पॅराबोलिक पाटे प्रत्येक बाजूस तीनच होते. मध्ये जाड आणि टोकांकडे ठरावीक वक्राने पातळ होत गेलेले, त्यामुळे ते फक्त मध्यावर आणि टोकांना एकमेकांना टेकतात. वजन कमी आणि चाल मऊ. पण घर्षण कमी म्हणून उसळी थांबवायला शॉकअप चांगले लागतात. तेही नवे घातले. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायला मिस्त्र्यांनी मनाई केली. एकदा ताणून कसलेला बोल्ट दुसऱ्यांदा भरवशाचा नसतो, असे त्यांचे म्हणणे.

पाटा आणि आस यांच्यामध्ये त्यांनी पोलादाची एक चपटी पट्टी ठेवली. ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होती. आम्ही विचारले, हे काय?

"ही पाचर."

सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून चालत्या सायकलचे हँडल सोडले तरी ते सरळ राहू पाहते. ट्रकची किंगपिनही तशीच वरून जराशी मागे कलती ठेवतात. कल जितका जास्त, तितकी वळणानंतर चाकांना सरळ होण्याची ओढ जास्त. पण तितकेच ती वळवायला बळही जास्त लागते. हाताच्या स्टेअरिंगला म्हणून कल कमी ठेवावा लागतो. म्हणजे जुन्या गाडीत वळण घेणेही दादाच्या खांद्यावर आणि वळणानंतर चक्र परत आणण्याचे बरेचसे कामही त्याच्याच खांद्यावर. पॉवर असली की कल वाढवता येतो. शिवाय पाट्यांची कमान बदलली की कल बदलतोच. तो जुळवून घेण्यासाठी ही दोन-तीन अंशांची पाचर. मिस्त्री म्हणाले, "हिच्यामुळं वळण संपलं की चाक आपआपलं सरळ हुतंय. हात नुसता सैल सोडायचा."

शेवटच्या दिवशी तेल भरले. पुढची चाके अधांतरी ठेवून चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवले, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. चाकांमधले पुढचे आणि मागचे अंतर गजाने मोजून टायरॉड जुळवला. मिस्त्र्यांनी दादाला तीन गोष्टी सांगितल्या. चक्र टोकाला नेऊन दाबून धरायचे नाही, तेल तापते. उतारावर इंजिन बंद करायचे नाही, पंप थांबला की स्टेअरिंग पूर्वीपेक्षाही जड लागेल. आणि पहिली भरलेली फेरी झाली की यू-बोल्ट पुन्हा कसून घ्यायचे. मग त्यांनी आम्हांला केबिनमध्ये चढवले. यावेळी चक्र एका हाताने फिरले. आमच्यापैकी धाकटीला रडू आले. मिस्त्र्यांनी पोराला चहा सांगितला.

दादा भरलेली गाडी घेऊन आंबा घाट उतरून-चढून आला, तेव्हा त्याला कसे वाटले, हे विचारायला आम्ही मुद्दाम गेलो. "हलकं हाय," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "पर रस्ता बोलत न्हाई आता. आदी खडी लागली तरी हातात कळायची." वीस वर्षांच्या यातनेतून त्याला काहीतरी मिळालेही होते आणि ते आता गेले होते. उपकाराच्या भरात आम्ही त्याचा विचार केला नव्हता.

सगळा खर्च एक लाख चौदा हजार आला. आम्हांला वाटले, एक ऋण थोडे तरी फिटले. महिनाभराने दादा घरी आला आणि त्याने पाच हजार रुपये टेबलावर ठेवले. आम्ही ते परत त्याच्या खिशात घालू लागलो, तेव्हा त्याने हात धरला. "घ्या. दर म्हैन्याला देणार. न्हाईतर गाडी तुमची हुईल आनि मी तुमचा ड्रायव्हर." आम्ही पैसे घेतले. ते घेणे आजवर त्याच्याकडून घेतलेल्या सगळ्या पैशांहून कठीण होते. त्या दिवशी तो जेवायला थांबला. मुलांना त्याने खडूशिवायच, ताटातल्या भाकरीच्या तुकड्यांनी, ड्रॅगलिंक आणि टायरॉड समजावून सांगितले.

२०२४ साली त्याने ट्रक विकला. या खेपेला निर्णय त्याचा होता. आम्हांला विकून झाल्यावर कळवले, आणि उरलेले पैसे एकरकमी आणून दिले. खांदा पूर्ण बरा झालेला नाही, पण हात भांगापर्यंत जातो. आमच्याकडे आला की आता तो आतल्या खोलीत, पंख्याखाली बसतो. चहाचा कप अजूनही अंगठा बाहेर ठेवूनच धरतो.